दारावरनं पळत गेलेला भाऊ

सांगली, मार्केट यार्ड
शुक्रवार, हळदीचे सौदे संपल्यावर

ती. दाजी,

सांगलीहून भूपालचा जय जिनेंद्र. नमस्कार खरं तर वाकून करायचा, पण सध्या माझी कंबर एकदा वाकली की तशीच राहते, म्हणून उभ्यानंच मानून घ्यावा. तुमचे गुडघे, अक्काचा रक्तदाब आणि तुमच्या काळ्या म्हशीचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आमची मंडळी, म्हणजे सुंदरी, खुशाल आहे आणि हळदीचा भावही खुशाल आहे. फक्त एक वाईट बातमी आहे, ती मन घट्ट करून वाचावी. गेल्या मंगळवारी सकाळी आंघोळ करताना माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख मला कायमचं सोडून गेलं.

जन्मापासूनचा सहवास होता, दाजी. त्यानं कधी काही मागितलं नाही. आठवड्याला एकदा कापून घेतलं, तेही तक्रार न करता. असं असून दुखवट्याला एक माणूस आलं नाही. आमच्याच घरात मागं मिक्सरचं भांडं फुटलं तेव्हा तीन शेजारणी येऊन हळहळून गेल्या, चहा पिऊन गेल्या. माझं नख गेलं तर सुंदरीनं ते केरसुणीनं सुपलीत घेतलं आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली. दुकानातला हमाल म्हणाला, त्यात काय शेठ, नवं येतंय की. (हे दुखवट्याला बोलायचं वाक्य आहे का, तुम्हीच सांगा.) असो. पण हे नख ज्या कारणानं गेलं त्याच कारणानं माझी बहीणही जायच्या बेतात आहे. नात्यानं म्हणतोय, तब्येतीनं ती आपल्या दोघांना पोचवून येईल.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. तुमचा फोन अक्का उचलते, स्पीकरवर टाकते आणि भाकरी थापत ऐकते, हे सगळ्या पाहुण्यांना ठाऊक आहे. मागं एकदा मी तुम्हाला अगदी खासगीत विचारलं होतं, की हल्ली आमटीत मीठ जरा जास्त असतं का. त्याचं उत्तर तिनंच दिलं, उलथन्याच्या आवाजासकट. म्हणून हा कागद. चष्म्याशिवाय तिला वाचता येत नाही आणि घरातला एकुलता एक चष्मा तुमच्या बंडीच्या खिशात असतो, एवढ्या एका भरवशावर हे पत्र उभं आहे.

मुळात पळणं हे आपल्या कुळात नाही. आपल्याकडं माणूस पळतो तो बैल सुटला म्हणून, नाहीतर पाइप फुटला म्हणून. आमचे वडील तर सांगायचे, व्यापाऱ्यानं रस्त्यानं पळू नये, लोकांना वाटतं बाजार पडला. पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि नंतर माझ्याकडं असं बघितलं, जणू कारखाना मीच चालवतो. साखर निघाली. आता कुंडल ते इस्लामपूर या मुलखात ज्याचे सगळे पाहुणे पसरलेत त्याच्या रक्तात साखर नाही निघणार तर काय खोबरं निघणार? ही बातमी सुंदरीनं तुमच्या प्राचीला कळवली, आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

तुमची मुलगी साताऱ्याला बँकेत आहे असं तुम्ही लोकांना सांगता. ते अर्धंच खरं आहे. बँक ती दहानंतर करते. त्याआधी ती डोंगर करते. मामा, आठ दिवस माझ्याकडं या, असं तिनं लाडानं बोलावलं तेव्हा मी कंदी पेढे डोळ्यांसमोर ठेवून गेलो. पहिल्याच दिवशी अंधारात उठवून तिनं मला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उभं केलं. हा किल्ला घ्यायला मोगल फौजेला काही महिने लागले, आणि त्यांच्याकडं हत्ती होते. माझ्याकडं फक्त भाची होती. वाटेतल्या चार भिंती नावाच्या स्मारकापाशी पोचेपर्यंत माझा जीव पाचवी भिंत शोधत होता, टेकायला. वरून सातारा फार सुंदर दिसतो म्हणतात. मला पहिले चार दिवस फक्त माझे बूट दिसले. पाचव्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात मान वर केली तेव्हा खाली धुक्यातून शहराची कौलं हळूहळू वर येत होती, आणि (हे कुणाला सांगू नका) मला जरा बरं वाटलं. त्या गावाचा नियमच उलटा आहे. सकाळी माणूस चालताना दिसला तर लोक त्याला तब्येत विचारतात. पळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

त्या आठ दिवसांनी मी बिघडलो. सांगलीत परत आल्यावर कृष्णेच्या काठानं पळू लागलो. मार्केट यार्डात कुजबुज झाली, बाजार पडला की काय. साखर खाली आली, झोप चांगली लागू लागली, आणि अशा माणसाला जे होतं तेच मला झालं. मला वाटू लागलं की मला पळता येतं.

मग प्राचीनं आणि तिच्या साताऱ्याच्या मंडळींनी कुंडलला डोंगर दौड ठेवली. पोरीनं रस्ता स्वतः आखला, आणि तिच्या डोक्याला मानलं पाहिजे. ज्यांचे पाय सरकारी नोकरीसारखे पक्के आहेत त्यांची मोठी दौड पार सागरेश्वरच्या जुन्या देवळांना वळसा घालून येणार. आम्हा हौशी लोकांची छोटी दौड गावातून निघून उसातनं डोंगराला भिडायची, झरी पार्श्वनाथाच्या पायऱ्यांखालून पठारावर चढायची, लांबून अभयारण्याचं कुंपण बघायचं आणि पलीकडच्या उतारानं खाली. तो उतार जिथं संपतो तिथं पहिलंच घर तुमचं. प्राचीला विचारलं तर म्हणते, रस्ताच तसा आहे. पण अक्कानं महिनाभर आधीपासून मळ्यात सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ आपल्या दारावरनं जाणार आहे. दौडीच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला. दारात ये, गूळपाणी घे आणि मग जा कुठं जायचं तिकडं, एवढंच. मी हो म्हणालो. (बहिणीला हो म्हणायला विचार लागत नाही. तो नंतर लागतो.) त्याच संध्याकाळी भाचीनं बजावलं की उतारानंतर थांबायचं नाही, थांबलं की पाय बसतात. मी तिलाही हो म्हणालो. दोन्ही हो एकाच रस्त्यावर समोरासमोर येणार आहेत हे हळदीचे सौदे करणाऱ्या माणसाला कळायला पाहिजे होतं.

सुरुवात फार झकास झाली. छातीवर नंबराचा कागद, पायात नवे बूट, शिट्टी वाजली आणि आम्ही सगळे निघालो. गाव संपेपर्यंत मी मधल्या लोकांत होतो. पुढं उसाचा हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याच्या मधोमध चाललेला, आणि त्याला काही कुठं लवकर पोचायचं नव्हतं. ज्यांना घाई होती ते शेतातून कडेनं गेले. मी दुसऱ्याच्या उभ्या उसात पाय घालणार नाही (शेतकऱ्याचा मुलगा आहे, शिव्या कशा येतात ते माहीत आहे), म्हणून ट्रॅक्टरच्या मागं, त्याच्याच गाण्याच्या तालावर. मग चढ लागला. पत्री सरकारच्या दिवसांत याच डोंगरांनी आपली माणसं पोटात घेतली आणि इंग्रजांच्या पोलिसांना ती सापडली नाहीत, हे आपण पिढ्यानपिढ्या छाती फुगवून सांगत आलो. तो चढ अर्धा चढल्यावर मला पहिल्यांदाच पोलिसांची बाजू कळली.

आणि झरीच्या पायऱ्यांपाशी माझे पाय आपोआप थांबले. दाजी, तुमचेही थांबले असते. लहानपणापासून त्या पायऱ्यांखालून आपण कधी तसेच गेलो आहोत का? वर जायला वेळ नव्हता, पण पहिल्या पायरीशी बूट काढून हात जोडायला काय हरकत, असा मी हिशेब केला. बुटांची गाठ प्राचीनं सकाळी स्वतः बांधली होती, सुटू नये म्हणून दुहेरी. ती सुटली नाही. मी नखानं सोडवून बघितली, दातानं सोडवायच्या बेतात आलो, शेवटी तशीच टाच ओढून बूट काढला. हात जोडले. डोंगरातून झिरपणाऱ्या त्या गार पाण्याचा वास आला, मन शांत झालं. परत घालताना गाठ सैल झाली होती, पण म्हटलं चालतंय. माझ्या नखाचा मृत्यू त्या क्षणी ठरला. (उतारावर पाय बुटात पुढं पुढं सरकत राहिला आणि अंगठा प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर डोकं आपटत राहिला. शवविच्छेदनाचा अहवाल एवढाच.)

उभा राहून बघतो तो रस्ता मोकळा. पुढं कुणी नाही. मागं मात्र एक पांढरी ॲम्ब्युलन्स, आणि तिच्या स्टिअरिंगवर बिरदेव. तुमच्या मळ्याच्या पलीकडं मेंढ्यांचा वाडा आहे त्या घरातलाच तो, पण तोवर माझी-त्याची ओळख रामराम म्हणण्यापुरतीच होती. त्याला काम एवढंच दिलेलं, की जो शेवटचा असेल त्याच्या मागं पहिल्या गिअरात गाडी चालवायची. आणि नियम असा की गाडी ज्याच्या पुढं गेली तो बाद. म्हणजे आता त्या डोंगरावर आम्ही दोघंच होतो, एक माणूस आणि एक ॲम्ब्युलन्स, आणि दोघांनाही एकमेकांपासून सुटका नव्हती.

माणूस फार मायाळू. प्रत्येक वळणाला काच खाली करून विचारायचा, आण्णा, बसताय का, आत गार हवा हाय. वडापच्या जीपवाल्यानं गिऱ्हाईक बोलवावं तसं. मी नको म्हटलं की काच वर. पठारावर आलो तेव्हा ऊन कोवळं होतं. खाली कृष्णेची रेघ, कारखान्यांची धुराडी, हिरव्या उसाचे चौकोन, आणि त्यांच्या कडेला वाळत टाकलेल्या कपड्यासारखी गावं. एक मोर रस्ता ओलांडून गेला, माझ्यापेक्षा कमी वेगानं पण जास्त ऐटीत. कुंपणाआडून हरणं बघत होती. त्यांचा चेहरा मला वाचता आला: हा पळतोय खरा, पण ह्याच्या मागं लागलंय कोण? मी इतका खूश झालो की मोठ्यांदा हसलो. बिरदेवला वाटलं मला झटका आला. त्यानं भोंगा लावला. हरणं गेली.

आता उतार, आणि आता तुमचं दार. इथून पुढचं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, पण माझ्या बाजूनं ऐका. लांबूनच मला अक्का दिसली. हिरवं इरकल नेसलेली, हातात ओवाळायचं ताट, कट्ट्यावर चिंचेनं घासलेला तांब्या, बशीत गूळ. तिच्या मागं अर्धी वाडी, आणि सगळ्यात मागं तुम्ही, नेहमीसारखे खांबाला टेकून. मी मनात म्हटलं, थांबायचं. पाय म्हणाले, थांबलं की बसणार. आणि मागून तो पहिल्या गिअरचा आवाज. शेवटचा का होईना, पण पळून पोचायचं, गाडीत बसून नाही, एवढं एकच वेड डोक्यात होतं. विनंती थांब्यावरच्या म्हातारीला एसटीचा ड्रायव्हर दाखवतो तसा मी माझ्या सख्ख्या बहिणीला हात दाखवला, येतो परत असं ओरडलो आणि गेलो.

बराच वेळ मागून आवाज आला नाही. मी खूश झालो, मला वाटलं मी गाडीला मागं टाकली. गाडी तुमच्या दारात उभी होती. बिरदेव उतरला होता. दारात बाई तांब्या घेऊन उभी असताना तिच्यासमोरनं कसं जायचं, असं त्याचं म्हणणं (त्याला चांगल्या घरात वाढवलंय हे उघड आहे). अक्कानं त्याच्या पायावर पाणी घातलं, त्याला ओवाळलं, त्यानं माझं गूळपाणी घेतलं. ताटात टाकायला खिशात काही नव्हतं म्हणून त्यानं गाडीतनं बँडेजचा कोरा रोल आणून टाकला. अक्कानं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तो टॉवेल माझ्यासाठी इस्त्री केलेला होता, हे मला नंतर कळलं. तो थांबणार हे मला ठाऊक असतं तर मीही थांबलो असतो, दाजी; दोघंही गूळपाणी घेत बसलो असतो.

मी पोचलो तेव्हा मांडववाला कमानीचे बांबू सोडत होता. त्यानं एक बांबू तेवढा धरून ठेवला, मी त्याच्या खालून गेलो, मग त्यानं तो सोडला. गळ्यात पदक पडलं. बूट काढले आणि त्यानंतर दोन माणसांनी धरल्याशिवाय मला उभं राहता येईना. सुंदरीनं मला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि गाडी थेट सांगलीला. 'येतो परत' तेवढं तुमच्या दारात उभं राहिलं.

संध्याकाळी फोन केला. मला वाटलं शिव्या बसतील. शिव्यांची मला सवय आहे. तिनं शांतपणे विचारलं, झरीला थांबला होतास म्हणं. मी म्हटलं, हो, देवाच्या दारात...

"देवाला थांबलास," ती म्हणाली, "मला न्हाई."

मी नियम सांगू लागलो, गाडी, पहिला गिअर, बसणारे पाय. तिनं सगळं ऐकून घेतलं, जे तिच्या स्वभावात नाही, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. थांबला त्यो भाऊ." आणि फोन ठेवला.

त्यानंतर पुढच्या महिन्यातल्या प्राचीच्या लग्नाची आवतणं सुरू झाली. अक्कानं घरोघरी फोन केले. इस्लामपूरच्या त्या चुलत-आत्येच्या जावेलाही केला, जिला आपण कुणीच ओळखत नाही. मला लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आली. तीही मला नाही, 'आपली माणसं' नावाच्या ग्रुपवर, जिथं मी अजून आहे हे तिला आठवलं नसावं. आणि मग प्राचीचा घाबरा फोन. आई म्हणते, मांडवात मामा म्हणून बिरदेवदादा उभे राहतील. पोरगी बिचारी सांगू लागली की थांबू नका असं मीच मामांना बजावलं होतं. त्यावर अक्का म्हणाली म्हणे, तू गप, तुला एक मामा होता, आता ह्यो हाय.

ज्या भाचीसाठी मी डोंगर चढलो तिच्याच लग्नात मला अक्षता टाकणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहायचं आहे. बरं, भांडावं तरी कुणाशी? परवा बिरदेवचाच फोन आला. आवाज असा, की जणू त्यानंच काही चोरलंय. म्हणाला, "आण्णा, अक्काला न्हाई म्हणायला माझं त्वांड हुईना. पर मामानं मांडवात करायचं काय असतंय? आमच्यात भंडारा उधळत्यात. तुमच्यात चालंल का?"

मी त्याला शिकवलं, दाजी. दुकानाची गादी सोडून, गोदामात पोत्यावर बसून, मी माझं स्वतःचं काम दुसऱ्याला शिकवलं. नवरीला हाताला धरून कसं आणायचं, भरभर चालायचं नाही, ती मान खाली घालून असते म्हणून तिच्यासाठी आपण पुढं बघायचं. मंगलाष्टका चालू असताना मागं उभं राहायचं, हलायचं नाही, आणि रडू आलं तर घाम पुसल्यासारखं करायचं. तो सगळं लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, आण्णा, तुमी लय दिवस तयारी केली व्हती वाटतं. मी म्हटलं, छे, हे सगळ्यांनाच माहीत असतं. भंडारा मात्र चालणार नाही म्हणून सांगितलं. हळद लागली तर माझ्या दुकानातून नेऊ दे, चांगली देतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की माझी काही तक्रार नाही. मामा व्हायची मला हौस नव्हती आणि नाही. दोन तास एका जागी उभं राहायचं, मान अवघडते, पंगतीला शेवटी बसावं लागतं. बिरदेव तरुण आहे, उंच आहे, फोटोत चांगला दिसेल. माझी विनंती अगदी साधी आणि लोकहिताची आहे. प्राचीला सांगून पुढच्या वर्षी दौडीचा रस्ता असा आखायला लावा, की तो कुणाच्याही पाहुण्याच्या दारावरून जाणार नाही. (आपल्या भागात असा रस्ता सापडणं अवघड आहे हे मला कळतं. पण डोंगरातून काहीतरी निघेल.) एवढं झालं की माझं समाधान आहे. म्हशीला जपा, गुडघ्यांना जपा.

तुमचा मेहुणा,
भूपाल

ता. क. नेहरू शर्ट आणि जाकीट शिंप्याकडून दिवाळीतच आणून ठेवलंय. जाकीट हळदीच्या रंगाचं आहे, मामाशिवाय दुसऱ्या कुणी घातलं तर विचित्र दिसेल. हे तुम्हाला सहज कळवतोय, त्यातून काही अर्थ काढू नये.

ता. क. २. बरं, काढा अर्थ. दाजी, तुम्ही आयुष्यात माझ्यासाठी कधी अक्कापुढं तोंड उघडलं नाही आणि मी कधी मागितलं नाही, कारण मला खांबाचं काम कळतं. आताही बोलू नका. फक्त रविवारी सकाळी घरातून कुठं जाऊ नका, कुत्रं बांधून ठेवा आणि दार उघडं राहू द्या. मी येणार आहे. गाडीनं आलो तर ती म्हणेल, समेटाला आला. म्हणून झरीपासून तोच रस्ता धरून पळत येतो, आणि यावेळी तुमच्या दारापुढं एकही पाऊल टाकत नाही. तिला आधी सांगू नका. तिनं दार लावून घेतलं तर मला बघायचंय की ते तिनं स्वतःहून लावलं.

ता. क. ३. रविवार. हे तुमच्याच कट्ट्यावर बसून लिहितोय. पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं, म्हणून पळताना मागच्या खिशात घेऊन आलो. शाई पसरली आहे ती घामानं. तुम्ही घरी राहणार होता, पण तुम्हाला कळवणारं पत्रच माझ्या खिशात होतं, त्यामुळं तुम्ही ऊसतोडीवर गेलात यात तुमचा दोष नाही. कुत्रं सुटं होतं. त्यानं मला ओळखलं, फक्त वेगाचं त्याला नवल वाटलं असावं.

उतारावर मागून मोटारसायकलचा आवाज येत होता. बिरदेव. सुंदरीनं त्याला फोन केला होता म्हणे. पहिल्या गिअरात मागं मागं येत राहिला, सवय लागलीया म्हणाला, आणि तुमच्या फाटकाच्या अलीकडंच बाभळीखाली थांबला.

अक्का दारात तांदूळ निवडत होती. मला बघितलं, सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही, बोलावलंही नाही. मी उभा राहिलो. पळून आल्यावर उभं राहणं फार अवघड असतं, दाजी, पोटऱ्या थरथरतात, कुठंतरी जावंसं वाटतं. पण जायला आता काही पुढं नव्हतं. बऱ्याच वेळानं ती तांब्या घेऊन बाहेर आली. बशी नव्हती, नुसतं पाणी. म्हणाली, बूट काढ. मी काढले. (आज गाठ साधी होती.) तिनं पायावर पाणी घातलं, आणि हात तसाच राहिला.

"ह्ये काय रं?"

मी म्हटलं, नख होतं. ती आत गेली, तेलात कालवलेली हळद घेऊन आली आणि त्या उघड्या अंगठ्यावर दाबली, अगदी झोंबेल अशी. एवढी हळद विकतोस आणि चिमूटभर घरात न्हाई व्हय, म्हणाली. मग कपाटातनं बँडेजचा एक कोरा रोल काढला. बिरदेवची ओवाळणी. तिनं तो माझ्या अंगठ्याला गुंडाळला, चारदा जास्तच, आणि मग जाऊन गूळ आणला. मी पूर्ण खडा खाल्ला, वर तांब्या संपवला. डॉक्टरांना कळवायचं कारण नाही.

नंतर तिनं दोन टॉवेल काढले, दोन्ही सारखे, दोन्ही इस्त्रीचे. एक माझ्या खांद्यावर टाकला. दुसरा माझ्या हातात दिला आणि बाभळीकडं हात केला. मग आत वळता वळता म्हणाली, "त्याला काय सांगायचं त्ये सांगितलंस म्हणं सगळं. आता तू बी शीक. मांडवात पळापळ करायची न्हाई."

ती आत भाकरी टाकतेय, आवाज येतोय. मी तांब्या रांजणापाशी नेऊन घासला, धुतला आणि इथं कट्ट्यावर पालथा घातला. हे पत्र त्याच्याखाली ठेवतोय. चष्मा तुमच्या खिशातच असेल, पण अक्कानं तुमच्याआधी वाचलं तरी आता हरकत नाही.